लोकरक्षक वाल्देमार हाफकिन

राजाने प्रजेचे रक्षण करावे, ही माणसाची राज्यसंस्थेकडून असलेली सर्वांत जुनी अपेक्षा होय. कोतवालाने रात्री गस्त घालावी, जागल्याने गावाची वेस राखावी, आग लागली तर सरकारी बंब धावून यावा, ही सारी त्या एकाच अपेक्षेची निरनिराळी रूपे. आपले नागपूर शहर तर या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय येथे आहे. सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या अभ्यासासाठी १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि आज नीरी या नावाने आपण ओळखतो ती संस्थाही येथेच आहे. परंतु या संस्थांवरून रोज सायकलने किंवा बसने जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या मनात असा विचार येतो की, आपण सुखरूप आहोत ते कोणाच्या तरी मूक परिश्रमांमुळे? लढाई जिंकणाऱ्या सेनापतीचे पुतळे उभे राहतात. जी आपत्ती आलीच नाही, ती टाळणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या ओठांवर नसते.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने १८९७ हे साल मला नेहमीच अस्वस्थ करते. वर्गात आपण ते साल शिकतो ते मुख्यतः पुण्याच्या संदर्भात. प्लेगचा बंदोबस्त करण्यासाठी नेमलेले रँड, घरोघर शिरणारे गोरे सोजीर, २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरबंधूंनी झाडलेल्या गोळ्या, आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली झालेली अठरा महिन्यांची शिक्षा. हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. पण त्याच वर्षी, त्याच प्लेगशी, त्याच सरकारच्या नोकरीत राहून दुसरा एक माणूस अगदी निराळ्या रीतीने झुंजत होता. त्याच्या हाती ना बंदूक होती ना अटकेचे फर्मान. त्याच्या हाती काचेचे चंबू होते. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईच्या परळ भागातील संस्थेमुळे हे नाव आपण ऐकलेले असते. पण त्या नावामागचा माणूस फारच थोड्यांना ठाऊक असतो. त्या माणसाची ओळख वाचकमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या शहरी झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. घराणे ज्यू. त्या काळी रशियात ज्यूंची स्थिती काय होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. अधूनमधून जमाव उसळत, ज्यूंची घरे जाळीत, दुकाने लुटीत. आणि ज्या पोलिसांनी त्यांना वाचवायचे, ते बहुधा पाठ फिरवून उभे राहत. ओडेसाच्या विद्यापीठात शिकत असताना हाफकिन अशा हल्ल्यांपासून आपल्या बांधवांचे संरक्षण करणाऱ्या तरुणांच्या दलात सामील झाले. त्यांना अटक झाली. त्यांचे गुरू, पुढे जगद्विख्यात झालेले प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह, यांनी शब्द टाकला म्हणून त्यांची सुटका झाली. सरकारने आपल्या प्रजेचे रक्षण करण्याचे नाकारले म्हणजे काय होते, याचा धडा या तरुणाने पुस्तकातून नव्हे, तर ओडेसाच्या रस्त्यावर घेतला होता.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात संशोधन केले. बुद्धी तल्लख, काम पहिल्या प्रतीचे. प्राध्यापकपद सहज मिळाले असते, पण त्यासाठी एक अट होती. ज्यू धर्म सोडून त्यांनी रशियन चर्चचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला पाहिजे. हाफकिन यांनी प्राध्यापकपद सोडले, धर्म सोडला नाही. १८८८ मध्ये त्यांनी मायदेशाचा निरोप घेतला. प्रथम जिनिव्हा आणि नंतर १८८९ मध्ये पॅरिस. तेथे लुई पाश्चर यांच्या नावाची नवी संस्था उभी राहिली होती आणि मेचनिकॉव्ह तेथे आधीच पोचले होते. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती. जागा होती ती ग्रंथालयात, सहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तकांची देवघेव, उरलेल्या वेळी प्रयोगशाळा आणि फावल्या क्षणी व्हायोलिन, असा त्यांचा पॅरिसमधील दिनक्रम होता. आपल्या ग्रंथालयातील खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी!

त्या काळी युरोपला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, ग्रासले होते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. पण माणसावर? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी टोचून घेतले. याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे आपला शोध मांडला. आता तो पडताळून पाहण्यासाठी खरीखुरी साथ असलेला प्रदेश हवा होता. रशियाने त्यांना थारा दिला नाही, फ्रान्सने उत्साह दाखवला नाही. अखेर पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन यांनी मार्ग दाखवला. हे गृहस्थ पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकीचे माहेरघर म्हणजे बंगाल, तेव्हा हिंदुस्थानातच जावे, असे त्यांनी सुचवले. अशा रीतीने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याच्या बंदरात उतरले. तेव्हा त्यांचे वय होते तेहतीस वर्षे.

एप्रिलमध्ये आग्र्यापासून त्यांच्या कामाला आरंभ झाला. पुढल्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल आणि आसाम पालथा घातला. पलटणीतील शिपाई, तुरुंगातील कैदी, चहामळ्यांतील मजूर, बस्त्यांतील गोरगरीब अशा सुमारे बेचाळीस हजार लोकांना त्यांनी लस टोचली. ठिकठिकाणी संशयाची भिंत उभी होती. कलकत्त्याच्या बस्तीत तर त्यांना दगडांचा मारा सोसावा लागला. पण त्यांनी पोलीस बोलावून लोकांचे हात धरवले नाहीत. ज्याची इच्छा असेल त्यालाच टोचायचे, हा त्यांचा नेम होता. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान बस्तीत सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे पटकीचे दहा रोगी निघाले आणि सात दगावले. हे सारे टोचून न घेतलेल्यांपैकी होते. अशी उदाहरणे बोलू लागली, तसतसे लोक आपण होऊन येऊ लागले. अतिश्रमाने आणि मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. पण पुढल्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात दाखल झाले.

आणि आता आपण मुंबईकडे वळू या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील धान्याच्या वखारींभोवती माणसे तडकाफडकी मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला थैमान घालणारा तो रोग गलबतांतून मुंबईत उतरला होता. काखेत किंवा जांघेत गाठ येई, भडकून ताप चढे, आणि चार-सहा दिवसांत खेळ आटोपे. मुंबईची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. काही महिन्यांतच जवळजवळ अर्धे शहर रिकामे झाले. बोटी आणि आगगाड्या भरभरून लोक पळाले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही चहूकडे पोचला.

सरकारने काय केले? त्या काळी उंदरावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. ते सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत शोधले ते १८९८ मध्ये. तोवर अधिकाऱ्यांना दिसत होती ती घाण आणि दिसत होती ती माणसे. म्हणून मोऱ्या धुतल्या गेल्या, घरांची छपरे उचकटली गेली, रोग्यांना उचलून रुग्णालयात आणि नातेवाइकांना छावणीत नेले जाऊ लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. हेतू रक्षणाचाच होता, हे मान्य करावे लागेल. रोग्याला वेगळे ठेवणे यात शास्त्रही होते. पण ज्यांचे रक्षण करायचे त्यांना कोणी विचारले होते? रुग्णालयात नेलेल्या माणसांचे तेल काढतात, अशा कंड्या पिकल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. घरात प्लेगचा रोगी असला तर त्याला लपवावे, मेला तर गुपचूप पुरावे, अशी लोकांची रीत पडली. रक्षकाचीच दहशत बसली म्हणजे रोगाला रान मोकळे मिळते, ते असे.

या वातावरणात ७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत आले. सरकारने त्यांना काय दिले? ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली आणि एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई! एवढ्या सामग्रीवर जगातील पहिली प्लेगप्रतिबंधक लस तयार झाली. त्यांची कृती मोठी मनोवेधक आहे. बोकडाच्या मांसाचा रस करून तो चंबूत भरायचा आणि त्यात प्लेगचे जंतू सोडायचे. रसावर साजूक तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबू लागत. चंबू हलवला की त्या गळून तळाशी जात आणि वर नव्या वाढू लागत. असे काही आठवडे चालल्यावर तो सगळा रस तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. आपल्या माजघरातल्या तुपाने प्लेगशी लढाई करावी, ही कल्पनाच किती विलक्षण! तीन महिने रात्रंदिवस हे काम चालले. श्रमांनी एक मदतनीस खचून आजारी पडला. हाफकिन मात्र जागचे हलले नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पूर्वीचाच नेम पाळला. लस पहिल्यांदा टोचली गेली ती त्यांच्या स्वतःच्या शरीरात, आणि तीही दहा घनसेंटिमीटर, म्हणजे इतरांना पुढे जेवढी दिली गेली तिच्या तिपटीहून अधिक. तडाखून ताप चढला, पण ते बचावले. त्यानंतर महाविद्यालयातील आणि शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी पुढे आली. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपण होऊन टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. तोच तुरुंग, तेच अन्न, तीच हवा. पुढील दिवसांत टोचून न घेतलेल्यांतच रोगी आणि मृत्यू ठळकपणे अधिक निघाले.

येथे त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. केवळ टोचून ते थांबत नसत, ते मोजत. टोचलेला आणि न टोचलेला अशी दोन्ही माणसे शक्य तो एकाच छपराखालची निवडून ते तुलना करीत. बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांनी प्रत्येक घरातील साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, त्या घरांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी ३ दगावली आणि न टोचलेल्या ६४ पैकी २६ दगावली. या आकड्यांपुढे वेगळा युक्तिवाद काय करायचा? लस पूर्ण कवच नव्हती, हेही या आकड्यांतच दिसते. हाफकिन यांनी ते कधी लपवले नाही. टोचल्यावर ताप येतो, अंग दुखते, एक-दोन दिवसांची मजुरी बुडते, हेही उघड होते. तरी लोक आले, कारण त्यांना खरे सांगितले जात होते.

लोकांचा विश्वास एकट्या शास्त्रज्ञाला मिळवता येत नाही, त्याला समाजातील वडीलधाऱ्यांची साथ लागते. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी अनुयायांसमक्ष स्वतः टोचून घेतले आणि आपला खुशरू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. त्या समाजातील हजारो लोक पाठोपाठ पुढे आले. १८९७ मध्ये सरकारने हाफकिन यांना सी. आय. ई. हा किताब दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. जेथे एकेकाळी लाटसाहेबांच्या मेजवान्या झडत, तेथे आता गोरगरिबांसाठी लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

त्या बाटल्यांची वाट आपल्या भागालाही पाहावी लागली. मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला १८६७ पासूनच येत होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिच्याच वाटेने आलेल्या प्लेगने नागपुरात हाहाकार उडवला. आमच्या वर्धेकडील गावात प्लेगच्या सालाची आठवण अजूनही पिढीजात सांगितली जाते. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचे आणि शेतात तुऱ्हाट्याच्या झोपडीत राहायला जायचे, अशी आमच्या पणजोबांच्या वडिलांची हकिकत आजी सांगते. त्या काळी माणसे देवाला नवस बोलत, घर सोडत आणि हवालदिल होऊन वाट पाहत. हजारो मैलांवरून आलेला एक माणूस परळला त्यांच्यासाठी जागत होता, हे त्यांना कोठून कळणार?

पण दैवाची गती विचित्र असते. पंजाबात प्लेग भडकला आणि लशीची मागणी प्रचंड वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते एकोणीसही जण दगावले. पाच बाटल्या त्या दिवशी उघडल्या होत्या. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही. मेलेले सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन.

केवढा हा आघात! ज्याने आयुष्यभर माणसे वाचवली, त्याच्याच प्रयोगशाळेतून मृत्यू गेला असे म्हटले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. भरपूर लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत थोडा बदल केला होता. कार्बोलिक आम्ल वगळून ते केवळ उष्णतेवर भिस्त ठेवू लागले होते. पॅरिसच्या संस्थेत ही रीत आधीपासून चालू होती. आयोगाने मात्र यावर बोट ठेवले आणि बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असे अनुमान काढले. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला परतले, तेही मान खाली घालून.

वस्तुतः साक्षींमध्येच सत्याचा धागा होता. मलकोवालला ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. शिवाय बाटलीत ते जंतू आठवड्यांपूर्वीच शिरले असते, तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. आणि तशी दुर्गंधी आली नव्हती, असे बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितले होते. तरीही पाच वर्षे निर्णय लोंबकळत राहिला. हाफकिन हे मुळात प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. शिवाय ते परदेशी, ज्यू, आणि सरकारी वैद्यकीय खात्यातील प्रस्थापितांना न रुचणारे. हा योगायोग मानायचा काय, हे वाचकांनी ठरवावे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाचे प्रकरण गाजत होते. म्हणूनच या प्रकरणाला कित्येकांनी छोटे ड्रायफस प्रकरण असे नाव दिले.

त्यांच्या मदतीला धावून आले ते सर रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे होतो हे हिंदुस्थानातच राहून सिद्ध करणारे आणि त्याबद्दल १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते रॉस. त्यांनी लंडनच्या वृत्तपत्रांतून हे प्रकरण धसास लावले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी टाइम्स पत्रात हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. सरकारला नमावे लागले. त्याच वर्षी हाफकिन यांना पुन्हा नोकरीवर घेतले गेले. पण न्याय मिळाला असे म्हणावे काय? परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले, आणि तेथे लशीचे प्रयोग करण्याची मुभा उरली नव्हती. सतार वाजवणाऱ्याला सन्मानाने बोलवावे आणि तारा काढून घ्याव्यात, तसा हा प्रकार! वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. ज्या धर्मापायी तरुणपणी प्राध्यापकपद गेले, त्याच धर्माच्या पाठशाळांसाठी त्यांनी अखेरीस आपली पुंजी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. मागे मुलेबाळे नव्हती.

मात्र काम मागे राहिले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या सरकारने त्यांना दूर केले होते ते गेले. ज्या देशाच्या लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले होते, त्या देशाने त्यांची आठवण ठेवली.

या जीवनकथेतून मी काय घेतो? पहिली गोष्ट अशी की, सार्वजनिक सुरक्षितता ही वरून लादता येत नाही. रँड आणि हाफकिन हे दोघेही एकाच सरकारचे नोकर, दोघांचा शत्रूही एकच. एकाने घराची दारे फोडली आणि त्या दारांआड लोकांनी रोगी लपवले. दुसरा दारात थांबला, आधी स्वतःला सुई टोचून घेतली, आणि दारे आतून उघडली. ज्या १८९७ च्या कायद्याने ही सारी सत्ता दिली, तोच कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आणला गेला. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नागपुरात काय अवस्था होती, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. लशीविषयीच्या कंड्या तेव्हाही पिकल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यात लोक केंद्रावर गेले ते फलक वाचून नव्हे. आशाताईंनी स्वतः टोचून घेतले आणि मग घरोघर सांगितले, म्हणून गेले. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, माणसाचे मन तेच राहिले.

दुसरी गोष्ट त्या १९ जणांची. हाफकिन निर्दोष ठरले म्हणून त्या एकोणीस घरांचे दुःख कमी होत नाही. रक्षण करणाऱ्याच्या हातून एक चिमटा पडतो आणि माणसे मरतात; म्हणूनच लोकसेवेत बारीकसारीक नियमांना एवढे मोल आहे. आपण कारकुनी म्हणून ज्याला नाक मुरडतो, तो बाटलीवरचा क्रमांक आणि तो वहीतला तपशील नसता, तर एकोणीस जण एकाच बाटलीने गेले हे कोणालाही कळले नसते. सारीच लस बदनाम झाली असती, आणि तिच्यामुळे वाचू शकणारे लाखो जीव गेले असते.

आपल्यापैकी अनेकजण उद्या स्पर्धा परीक्षा देऊन शासनाच्या सेवेत जातील. कोणी तहसीलदार होईल, कोणी पोलीस उपनिरीक्षक, कोणी आरोग्य खात्यातील लिपिक. आपल्या हाती दंडुका येईल किंवा नोंदवही येईल. त्या वेळी जनतेला आपली भीती वाटते की आधार वाटतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. परळच्या रस्त्याने कधी जाण्याचा योग आला, तर त्या जुन्या वास्तूसमोर क्षणभर थांबावे. ना या मातीत जन्मलेला, ना या भाषेत वाढलेला असा एक माणूस आपल्या पूर्वजांच्या प्राणांसाठी तेथे झिजला, आणि त्याबद्दल त्याने आपल्याकडे काहीच मागितले नाही. अशा लोकरक्षकाच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन.